दुसरा हात

आज आईची पट्टी सोडणार, बांबोळीला.
कुमुद सोबत गेली आहे. म्हणाली,
साडेपाचला कुडचड्यात पोचू, तोवर काय ते कर.
आता साडेआठ.
दहा लिटर रंग, एक रोलर, दोन इंची ब्रश,
आणि मी, ज्याने आजवर
फक्त सोसायटीच्या वह्यांत रकाने भरले.

तीन वर्षं तिला भिंत दिसत नव्हती,
म्हणून आम्ही दोघांनीही ती पाहिली नाही.
खिडकीखाली ओल चढत गेली,
कॅलेंडरवर कॅलेंडर टांगत गेलो.
आज ती उतरवली तर मागे एक स्वच्छ चौकोन
आणि त्याच्यापुढे बाकी सगळी भिंत
चोरी पकडल्यासारखी.

दुकानात रायकर म्हणाला होता, प्राइमर न्या.
मी विचारलं, वाळायला किती वेळ?
तो म्हणाला, चार तास.
मी म्हटलं, नको.

पलंग मध्ये ओढला. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली,
श्रद्धांजलीची पानं वर आली, ती उलटी केली.
कपाट हललं नाही.
राहू दे, कपाटामागे कोण बघतंय.

रोलर बुडवला, टेकवला, वर नेला,
आणि रंग लागायच्या ऐवजी भिंतच निघून आली,
रोलरला गुंडाळून, केळीच्या सोपटासारखी.

चुना. वर्षानुवर्षांचा.
खाली पडलेला तुकडा उचलून कडेने पाहिला:
पिवळा, निळा, पिस्ता, परत पिवळा,
आणि दर दोन रंगांच्या मध्ये
केसाएवढी लाल रेघ.
बाबा चवथीआधी खोली रंगवायचे.
मग वर्षभर त्यांच्याच ट्रकांची धूळ
खिडकीतून येऊन त्यावर बसायची.
मी रेघा मोजत बसलो. एकोणीस.
सगळ्यात वरच्या पिवळ्यावर रेघ नव्हती.
तोवर खाणी बंद झाल्या होत्या,
बाबा घरीच असायचे.
त्या वर्षी त्यांनी दोन हात दिले होते.

घड्याळात सव्वाअकरा.

पास्कोल खिडकीत कधीचा उभा होता,
वास्कोच्या गोदीत तीस वर्षं बोटी रंगवलेला.
हसला नाही. गजांतून पत्र्याची पाती पुढे केली.
खरवड, म्हणाला. पाणी मार.
तहानलेली आहे भिंत, सगळा रंग पिऊन टाकील.
आणि जाता जाता: "आदीं कोनशे, मागीर मदीं."
मी मधूनच सुरू केलं होतं.

खरवडलं. लाल पाणी कोपरापर्यंत ओघळलं.
पेज उभ्यानेच प्यालो.
कोपरे, कडा, चौकटीला चिकटपट्टी,
पंख्याच्या बटणावर थेंब,
पुसायला गेलो तर डाग, पुन्हा पुसला तर मोठा डाग.
चार वाजता एक हात संपला.
कुठे दाट, कुठे विरळ,
पण दारातून, जरा डोळे किलकिले करून,
चालून जाईल असा.

पावणेसहाला टॅक्सी वाजली.
आई काळा चष्मा लावून आत आली
आणि सवयीने उजवा तळवा भिंतीवर टेकवून
पलंगाकडे निघाली,
तीन वर्षं निघायची तशी.
मी ओरडलो. ती थांबली.
चष्मा कपाळावर सरकवून
बराच वेळ स्वतःच्या हाताकडेच बघत राहिली.
"हळदुवो," म्हणाली.
मग मान वळवून, कपाटाच्या कडेकडे बोट करून:
"थंय उरलां."

रात्री ती बाहेरच्या खोलीत झोपली, वासामुळे.
कुमुदने खोबरेल तेलाने तिचा तळवा पुसून दिला,
नखांत थोडं राहिलंच.
भिंतीवर दारापासून चार पावलं
पाच बोटांचा पट्टा.

कुंपणापलीकडून पास्कोलने विचारलं, जालें?
मी म्हटलं, एक हात.
"फाल्यां दुसरो," तो म्हणाला,
आणि त्याने पडवीतला दिवा मालवला.